मदरबोर्ड घेताना आधी स्लॉट मोजा

प्रश्न : माझी मुलगी यंदा मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेली असून तिला ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्ससाठी घरी डेस्कटॉप हवा आहे. संध्याकाळी त्यावरच मी हिशेबाचे काम करीन. एम. जी. रोडवरच्या तीन दुकानांतून कोटेशन आणली. पहिल्यात तिसऱ्या पिढीचा आय ५ प्रोसेसर आणि एच ६१ बोर्ड (म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड) असून ते सर्वांत स्वस्त आहे. दुसऱ्यात आय ५-१२४०० आणि एच ६१० बोर्ड, तर तिसऱ्यात तोच प्रोसेसर आणि चार रॅम स्लॉटचा बी ७६० बोर्ड आहे. ग्राफिक्स कार्ड सध्या घेणार नाही. बोर्डासाठी जास्त पैसे मोजले तर कॉम्प्युटर जलद चालेल का?
— एक पालक, सिडको, नाशिक

उत्तर : पहिले कोटेशन कृपया बाजूला ठेवा. एच ६१ आणि एच ६१० ही नावे ऐकायला सारखी वाटली तरी पहिला चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप, तिच्यावरूनच बोर्डाचे नाव पडते) २०११ सालचा आहे आणि दुसरा २०२२ सालचा. एच ६१ वर डीडीआर ३ ही जुन्या प्रकारची रॅम लागते, तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ साठी अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. शिकणाऱ्या मुलीसाठी हा व्यवहार स्वस्त नाही.

उरलेल्या दोन्ही कोटेशनांत प्रोसेसर एकच असल्यामुळे केवळ महाग बोर्डामुळे वेगात जाणवण्याइतका फरक पडणार नाही. आय ५-१२४०० हा मुळात ६५ वॉटचा आणि भरात आला की ११७ वॉटपर्यंत जाणारा प्रोसेसर आहे. चांगल्या कंपनीचा एच ६१० बोर्ड तो सांभाळतो. पुढे ग्राफिक्स कार्ड बसवायचे झाले तर त्याचा मोठा स्लॉटही दोन्हींवर असतो. त्यामुळे फक्त हिशेबाचे काम असते तर मी निःशंकपणे एच ६१० घ्या असे सांगितले असते.

तुमच्या बाबतीत मात्र खरा प्रश्न रॅमच्या स्लॉटचा आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसताना प्रोसेसरमधले ग्राफिक्स रॅमचाच वाटा वापरते, आणि रॅमपर्यंत जाण्याचे दोन मार्ग असतात. सोळा जीबीची एकच स्टिक (रॅमची पट्टी) लावली तर त्यांतला एक मार्ग रिकामा राहतो आणि पडद्यावर त्रिमितीय आकृती फिरवताना ती अडखळू शकते. आठ-आठच्या दोन लावल्या तर दोन्ही मार्ग वापरात येतात. एच ६१० वर एकूण स्लॉटच दोन असतात. ते आज भरले, आणि दोन वर्षांनी प्रोजेक्टच्या मोठ्या असेंब्लीला (अनेक सुटे भाग जोडलेल्या आकृतीला) सोळा जीबी अपुरी पडू लागली, की चांगल्या चालणाऱ्या दोन्ही स्टिक काढून पडेल त्या किमतीला विकाव्या लागतात. चार स्लॉटच्या बोर्डावर आणखी दोन नुसत्या शेजारी बसवता येतात. एवढ्याच कारणासाठी मी तिसऱ्या कोटेशनच्या बाजूने आहे. किमतीतला फरक पेलवत नसेल, तर एच ६१० घेऊन सुरुवातीलाच सोळा-सोळाच्या दोन स्टिक घेणे हाही चांगला मार्ग आहे. दोन्हींचा हिशेब दुकानदाराकडून शेजारी-शेजारी मांडून घ्या.

बी ७६० बोर्ड डीडीआर ४ चा आहे की डीडीआर ५ चा, हे कोटेशनवर लिहून घ्या, कारण एका बोर्डात दुसऱ्या प्रकारची रॅम बसत नाही. नंतर रॅम वाढवायची असेल तर मी डीडीआर ४ सुचवेन. डीडीआर ५ मध्ये चारही स्लॉट भरले की रॅमचा वेग बहुधा खाली आणावा लागतो. प्रोसेसरच्या नावापुढे ‘एफ’ हे अक्षर नसल्याचीही खात्री करा. एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसते, म्हणजे तुमच्याकडे कार्ड नसताना मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. जुना मॉनिटर वापरणार असाल तर बोर्डामागे व्हीजीएचे (जुन्या मॉनिटरच्या केबलचे) पोर्ट आहे का, हेही पाहा.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. या बोर्डांवर प्रोसेसर बसतो त्या खाचेत, म्हणजे सॉकेटमध्ये, १७०० बारीक पिना असतात आणि त्यांच्यावर काळे प्लॅस्टिकचे झाकण असते. माझा बोर्ड मी खोका न उघडताच घरी आणला होता. झाकण काढल्यावर कोपऱ्यातल्या दोन पिना आडव्या झालेल्या दिसल्या, आणि पिना वाकणे हमीत बसत नाही म्हणून तो बोर्ड कोणीही बदलून दिला नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी दुकानातच झाकण काढायला सांगा आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून पाहा. सगळ्या पिना एकाच दिशेने सारख्या चमकल्या पाहिजेत, कुठे काळा ठिपका किंवा तुटलेली रांग दिसता कामा नये. ते झाकण जपून ठेवा, कारण बोर्ड दुरुस्तीला देताना ते मागतात. बिलावर जीएसटी आणि बोर्डाचा सीरियल नंबर, दोन्ही असू द्या.

चार स्लॉटचा बोर्ड घेतलात तर जोडणी झाल्यावर दोन स्टिक प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावल्या आहेत का, हे स्वतः पाहून घ्या. घाईत त्या शेजारच्या स्लॉटांत बसवल्या जातात. मग कॉम्प्युटर सुरू होतो, रॅम सोळा जीबी दिसते, पण चालतो तो एकाच मार्गाने.