सव्वा महिना उलटला, तरी दुखते

प्रश्न : माझे वय 27 वर्षे आहे. पहिले बाळंतपण नैसर्गिक झाले, पण टाके पडले होते. बाळ साडेतीन महिन्यांचे असून मी नुकतीच माहेरून सासरी आले आहे. टाके भरल्याचे डॉक्टरांनी तपासून सांगितले, तरीही संबंधाच्या सुरुवातीलाच आग होते आणि नकोसे वाटते. शिंक आली की थोडी लघवीही होते. पाळी अजून आलेली नाही. बाळ अंगावर पिते, रात्री एकदा मात्र वरचे दूध देतो. ‘पाजतेस तोवर दिवस राहत नाहीत,’ असे सासूबाई म्हणतात. माझ्यात काही बिघाड झाला आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्ही लिहिले आहे त्यावरून हा बिघाड वाटत नाही. सव्वा महिन्यात बाळंतीण उठते, असा आपल्याकडे हिशेब आहे आणि गर्भाशयापुरता तो बराचसा खराही आहे. प्रसूतीनंतर जवळजवळ एक किलो वजनाचे असलेले गर्भाशय सहा आठवड्यांत साठ-सत्तर ग्रॅमवर येते. परंतु योनिमार्गाचे वेळापत्रक निराळे असते. अंगावर पाजत असताना दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे (हार्मोनचे) प्रमाण जास्त राहते आणि इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे कमी होते, त्यामुळे योनीची त्वचा पातळ व कोरडी पडते, आणि मनात इच्छा असली तरी पुरेसा ओलावा येत नाही. तुमची आग बहुधा या कोरडेपणाची आहे. पाजणे कमी होऊन पाळी सुरू झाली की ही आग सहसा आपोआप थांबते.

तोवर औषधांच्या दुकानात मिळणारी तेलाऐवजी पाण्यापासून बनवलेली वंगण-जेल वापरावी. घरातले खोबरेल तेल निरोधसोबत मुळीच वापरू नये, कारण तेलाने निरोधचे रबर फाटते. दुखू लागले तर थांबायचे, हे तुम्ही दोघांनी आधीच ठरवून ठेवा. दुखण्याच्या धास्तीने स्नायू आवळले जातात आणि दुखणे आणखी वाढते. स्वच्छ बोटाने टाक्यांची जागा चाचपून पाहा. एकाच ठिकाणी टोचल्यासारखे दुखत असेल, तर व्रण ताठरला असण्याचा संभव आहे. तेव्हा पुन्हा तपासून घ्यावे. इस्ट्रोजेनचे मलम लागलेच, तर ते डॉक्टरांनीच ठरवावे.

शिंकताना लघवी होणे ही ओटीपोटाच्या तळाच्या सैल झालेल्या स्नायूंची तक्रार आहे. (बाळंतपणानंतर असे व्हायचेच, असे म्हणून कित्येक बायका ती वर्षानुवर्षे सोसतात, याची मला खंत वाटते.) लघवी अडवताना जे स्नायू आवळले जातात तेच पाच सेकंद आवळून पाच सेकंद सैल सोडावेत, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, श्वास न रोखता करावे. हा व्यायाम प्रत्यक्ष लघवी करताना करू नये. तीन महिने नेमाने केल्यावरही फरक पडला नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

आता सासूबाईंच्या बोलण्याविषयी. पाजण्यामुळे दिवस राहणे टळते हे खरे, पण बाळ सहा महिन्यांच्या आतले, पाळी न आलेली आणि रात्रंदिवस केवळ अंगावरचे दूध, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच. रात्री वरचे दूध सुरू झाल्याने तुमच्या बाबतीत तिसरी अट मोडली आहे. शिवाय स्त्रीबीज पाळी येण्याआधी सुटते, त्यामुळे एकदाही पाळी न येता दिवस राहिल्याची उदाहरणे आमच्याकडे नवी नाहीत. तांबी, तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन आणि ‘छाया’ गोळ्या (पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा) ही साधने पाजणाऱ्या आईला चालतात आणि सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. नेहमीच्या मिश्र संप्रेरकांच्या गोळ्या मात्र बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत टाळाव्यात. सासरी आल्यापासून संरक्षणाविना संबंध आला असेल, तर यांपैकी काहीही सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगा आणि त्या संबंधाला तीन आठवडे झाल्यावर दिवस राहिले आहेत का, हे पाहण्यासाठी लघवीची तपासणी करून घ्या.