वाडग्याच्या आतल्या वळणावर राहणारी कड

लेथवर कोरलेल्या आंब्याच्या लाकडाच्या दहा इंची वाडग्यात भिंत संपून तळ सुरू होतो तिथे बोटाला कड लागते आणि 80 नंबरचा पॉलिश पेपर घासूनही ती जात नाही, असं तुम्ही लिहिलंय. ही कड माझ्या चांगल्याच ओळखीची आहे. पेपर बाजूला ठेवा. घासल्याने मऊ तंतू आधी झिजतात आणि कडेशेजारी खळगा पडतो.

चकची (लाकूड धरणारा जबडा) पकड, टूलरेस्टची (हत्यार टेकवायची पट्टी) उंची हे जमतंय असं धरून चालतो. घोळ गाऊजच्या, म्हणजे पन्हळीसारख्या पात्याच्या कोरणीच्या, धारेच्या कोनात आहे. 45 अंशांची बाऊल गाऊज भिंतीवर छान चालते. तळाकडे वळलं की बेव्हल (धारेमागचा तासलेला उतार) लाकडाला टेकलेलं ठेवायला गाऊजचा दांडा काठाकडे कलवावा लागतो आणि तो काठाला अडतो. हिशेब करा: भिंत उभी, खोली 80 मिमी. 45 अंशांत दांडा काठाला न लागता तळावर बेव्हल टेकवायचं तर भिंतीपासून निदान 80 मिमी आत यावं लागतं, आणि आतली त्रिज्याच जेमतेम 115! मधल्या पट्ट्यात बेव्हलला आधार नसतो. तिथे धार एकतर लाकडात रुतते, नाहीतर कड सोडते. 65 अंशांत हेच अंतर 37-38 मिमी होतं; वळण ऐसपैस ठेवलं तर ते वळणातच सामावतं.

म्हणून तळासाठी 65 अंशांची दुसरी गाऊज हवीच. एकच गाऊज सगळीकडे पुरते, असं छातीठोक सांगणाऱ्या एका विक्रेत्यावर विश्वास ठेवला, त्यात माझं सगळ्यात जास्त लाकूड वाया गेलं. नवख्या माणसाला असं सांगूच नये. तो बिचारा स्वतःच्या हाताला दोष देत बसतो. दुसऱ्या गाऊजच्या बेव्हलची टाच, म्हणजे धारेपासून लांबची मागची कड, ग्राइंडरवर उडवा, पुढे 2-3 मिमी बेव्हल ठेवा. टाच राहिली की ती वळणात लाकूड दाबते आणि तेल लावल्यावर काळपट वर्तुळं उठतात.

भिंत काठापासून 20-25 मिमीच्या टप्प्यांनी पूर्ण करत खाली या. मधला न कोरलेला ठोकळा तोवर राहू द्या, त्याने थरथर कमी होते. पातळ झालेल्या काठाकडे परत जाऊ नका. लाकूड तोवर हललेलं असतं. गाऊज बदलल्यावर तयार भिंतीवर, वळणाच्या 10-15 मिमी आधी, नुसतं बेव्हल टेकवा. चुरा निघता कामा नये. मग मूठ हळूहळू फिरवत धार लाकडात आणा आणि न थांबता मध्यापर्यंत या. मध्याजवळ वेग मंद करा, कारण तिथे लाकूड जवळजवळ फिरतच नाही. मध्य ओलांडू नका, पलीकडे ते खालून वर येत असतं.

स्क्रेपरबद्दल (लाकूड खरवडायचं हत्यार) माझं मत कडक आहे: तळावर अगदी हलका चालेल, पातळ भिंतीवर अजिबात नाही. आंब्यात तंतूंची टोकं समोर येतात त्या दोन जागी तो लाकूड उपटतो.

हे सगळं आडव्या तंतूंच्या, म्हणजे तंतू लेथच्या अक्षाला आडवे असलेल्या, वाडग्यापुरतं. उभ्या तंतूंच्या भांड्यात आतला काप मध्याकडून काठाकडे जातो.

वळण तपासताना लेथ बंद करा, डोळे मिटा आणि बोटं काठापासून मध्यापर्यंत फिरवा. पुढे कधी सागवान घेतलंत तर शेवटच्या कापाआधी धार नक्की लावा, त्यातली सिलिका ती फार लवकर बोथट करते.