उन्हाळ्यातली जंगलफेरी : मोहाखालची आग आणि बाकीचे प्रश्न

मार्च लागला की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच उत्तरं देतो. कंसात विचारणाऱ्याचं गाव आहे.

पळस आणि पांगारा यातला फरक कसा ओळखायचा? (मूल)

खोड बघा, काटे असले तर पांगारा. पानांवरून ठरवू नका, दोघांनाही तीन-तीनच असतात.

धामण गाईचं दूध पिते म्हणतात. फेरीला जाताना साप पळवायची पावडर घ्यावी का? (सेलू)

कोणताच साप गाईचं दूध ओढून पीत नाही, आणि धामण तर बिनविषारी, उंदीर खाणारी, कास्तकाराच्या कामाची. पावडरीवर एक रुपया घालवू नका, विकणाऱ्यांचा धंदा तुमच्या भीतीवरच चालतो. बूट घाला, पायाखाली बघून चाला. आणि साप चावलाच तर बांधणं, कापणं, मांत्रिक यात एक मिनिट घालवायचं नाही, विषारी की बिनविषारी हे डॉक्टरच ठरवतील, सरळ दवाखाना गाठा, प्रतिविष तिथंच मिळतं.

आमच्याकडे मोहफूल वेचायला झाडाखालचा पाला जाळतात. त्यानं बहर वाढतो म्हणे, खरं का? (अर्जुनी मोरगाव)

अजिबात नाही! अहो, पाला जाळायच्या वेळेला कळ्यांचे झुपके फांद्यांच्या टोकाला आधीच लागलेले असतात, खालची आग त्यात काय वाढवणार? जळतात ती मोहाची रोपं, म्हणजे उद्याची झाडं. तिथंच वाळक्या पानांवर रातवा पक्षी बसलेला असतो, घरटं वगैरे काही नाही, अंडी सरळ जमिनीवर, आणि रंग असा की पाय पडायची वेळ येईपर्यंत तो दिसत नाही आणि उडतही नाही. आग आली तर तो उडून जाईल, अंडी कुठं जातील? त्यात दुपारचं वारं सुटलं की एका झाडाखालची आग अख्ख्या जंगलात शिरते. वेचणाऱ्यांना दोष देऊन मी मोकळा होत नाही, त्या फुलांवर घर चालतं हे मला माहीत आहे, पण खराट्यानं झाडून जुनी लुगडी नाहीतर जाळी अंथरली की फुलं स्वच्छ मिळतात, माती लागत नाही. राखीव जंगलात आग लावणं हा भारतीय वन कायदा, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. आपल्याकडे आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून, या काळात धूर दिसला तर फोटो काढून ग्रुपवर टाकत बसू नका, लगेच बीटगार्डला, म्हणजे वनरक्षकाला कळवा किंवा वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करा. गावात जाळीचं ठरवायचं असेल तर वनरक्षक आणि ग्रामसभा दोघांशी आधी बोला.

मोहफुलं पडताना बघायची आहेत, पहाटे चारला निघावं का? (धारणी)

नाही. त्याच वेळेला अस्वलही फुलं खायला येतं. उजाडल्यावर, चार जण मिळून, वाट माहीत असलेला गावातला माणूस घेऊन जा, आणि उन्हाच्या आत परता. बीपीची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरला विचारा.

शंभर टक्के वाघ दाखवतो असं पॅकेज आहे, घ्यावं का? (चिमूर)

घेऊ नका. अशी हमी कोणी देऊच शकत नाही.

नवरंग पक्षी कधी दिसेल? मोबाईलवर आवाज वाजवला तर येतो म्हणे. (नवेगाव बांध)

मे महिन्यात यायला लागतो, सकाळ-संध्याकाळ त्याची शीळ ऐका. आवाज वाजवू नका, विणीच्या दिवसात पक्षी घरटं सोडून त्या खोट्या आवाजामागे धावतो. कुठं बसायचं ते तिथल्या गाईडला विचारा.