दिवाळीत फ्लॅटच्या दारासमोर काय सजावट करावी? आम्ही दोघे मित्रच भाड्याने राहतो, दारासमोर तीन बाय चार फूट जागा आहे, रांगोळी येत नाही. स्टिकर चालेल का? मुलग्यांनी रांगोळी काढली तर शेजारचे हसतील का?

स्टिकर लावू नका. दारासमोर तीन बाय चार फूट जागा आहे म्हणता, ती रांगोळीला भरपूर झाली. आणि शेवटी ते हसण्याचं जे विचारलंय ना, त्याच्यासाठीच मी लिहायला बसलोय.

सांगलीला आमच्या घरी रांगोळी आई काढायची. ताईचं लग्न होऊन ती सासरी गेली, तेव्हापासून आईच्या हाताखाली कोणी नव्हतं. आम्ही दोघे भाऊ घरात होतो, पण रांगोळीच्या कामात आम्हाला कोणी धरतच नव्हतं. मी दहावीत असताना ऐन दिवाळीच्या तोंडावर आई न्हाणीघरात घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. फराळाचं मावशी आणि शेजारच्या काकूंनी निभावून नेलं. रांगोळी मात्र कोणाच्या लक्षातच आली नाही. वसुबारसेला संध्याकाळी सगळ्यांच्या दारात गाय-वासराची पावलं उमटली आणि आमचं अंगण नुसतं सारवलेलं, कोरं. आई उंबऱ्यात उभी राहून बघत होती. हात मोडला तेव्हा न रडलेली आई तेव्हा रडली.

मी रांगोळीचा डबा घेतला आणि बसलो. ती पाटावर बसून सांगत होती, मी काढत होतो. तिने आधी चिमूट शिकवली. अंगठा आणि तर्जनीत रांगोळी धरायची आणि अंगठा किंचित पुढे सरकवत ती सोडत राहायची. मनगट वळवायचं नाही, कोपरापासून अख्खा हात आपल्याकडे ओढत आणायचा. हात जमिनीपासून बोटभर वर. त्याहून वर गेला की रेघ पसरते, खाली टेकला की तुटते. "रेघेकडे बघू नकोस, जिथे पोचायचंय त्या ठिपक्याकडे बघ," असं ती सारखं म्हणायची. आजही रांगोळीला बसलो की मी तेच करतो.

त्याच वर्षी दादाचं लग्न ठरलं होतं आणि पाडव्याला त्याच्या होणाऱ्या सासरची माणसं फराळाला यायची होती. मी पहाटे उठून सात ते चारची रांगोळी काढली. (मधल्या ओळीत सात ठिपके, दोन्ही बाजूंना सहा, पाच, चार असे कमी होत जातात.) दादाने ती बघितली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "कोणी विचारलं तर आईने काढली म्हणायचं. भाऊ बायकी कामं करतो असं नको व्हायला." पाहुणे आले. वहिनीच्या आई चपला काढायच्या आधीच थांबल्या, रांगोळीभोवती फिरून बघितली आणि विचारलं, कोणी काढली हो? दादा पटकन म्हणाला, आईने. आई तिथेच उभी होती, हात झोळीत. ती म्हणाली, "धाकट्याने काढलीय. मी नुसतं सांगितलं."

दादाला ते अजून पटलेलं नाही. दर दिवाळीला फोन होतो तेव्हा विषय निघतोच की पुरुषाने दारात रांगोळी घालत बसणं शोभत नाही. मी त्याला विचारतो, गुणवंत मांजरेकरांनी रांगोळीतून व्यक्तिचित्रं काढली, मोठे कलावंत म्हणून नाव झालं, ते कोण होते? गणपतीच्या मिरवणुकीपुढे रांगोळीच्या पायघड्या घालणाऱ्यांत पुरुष असतात, त्यांना लोक थांबून दाद देतात. रस्त्यावर चालतं ते घरच्या दारात का चालू नये? यावर त्याच्याकडे उत्तर नाही. वहिनी माझ्याच बाजूने आहेत.

तर तुमच्या दाराचं. तुमच्याकडे गुळगुळीत टाइल्स असणार. त्यावर रांगोळी सरकते आणि पांढरा रंग उठूनही दिसत नाही. दोन फुटी चौकोनी प्लायवुड आणा, गेरू पाण्यात कालवून त्यात थोडं फेव्हिकॉल घाला आणि ब्रशने दोन हात द्या, म्हणजे गेरू हाताला लागत नाही. पूर्ण वाळू द्या. एका जाड कागदाला पेटत्या उदबत्तीने इंच-इंचावर भोकं पाडा, तो फळीवर ठेवा, वर मूठभर रांगोळी टाकून तळव्याने पसरवा आणि कागद सरळ वर उचला. ठिपके एका रेषेत पडतात, निम्मं काम तिथेच झालं. रांगोळी विकत घेताना चिमटीत धरून बघा. पिठासारखी मऊ नको, किंचित खरखरीत हवी, तीच बोटांतून नीट सुटते. दमट असेल तर परातीत पसरून ऊन दाखवा.

रोज पुसून रोज नवी काढायची. माझा स्टिकरवर राग आहे तो यासाठी. तो एकदा चिकटला की शिमग्यापर्यंत तिथेच मळत पडतो, त्याच्यासाठी पहाटे कोणी उठत नाही. लक्ष्मीपूजनाला पावलं काढा, ती कोणालाही जमतात. मुठीची करंगळीकडची कड तांदळाच्या पातळ पिठात बुडवून उंबऱ्याशी टेकवायची आणि वर बोटाने पाच ठिपके द्यायचे. पावलांची बोटं घराच्या आत वळलेली हवीत.

बाकी सजावट थोडीच पुरे. झेंडू आणि आंब्याच्या पानांचं तोरण, एक आकाशकंदील, चार पणत्या. मातीच्या नव्या पणत्या आधी दोनेक तास पाण्यात भिजवा, नाहीतर तेल मातीच पिते. कंदील कामट्यांचा आणि कागदाचा घ्या. मुंबईकडे असाल तर माहीमच्या कंदील गल्लीत एक चक्कर मारा.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पॅसेज सगळ्यांचा असतो, तेव्हा फळी जिन्याच्या किंवा लिफ्टच्या वाटेत येऊ देऊ नका आणि चपलांचं कपाट, पडदा, लाकडी चौकट यांच्याजवळ पणती ठेवू नका. आपण आत गेलो की ती विझवायची किंवा आत घ्यायची. भाड्याचं घर आहे, म्हणून गेरू थेट फरशीवर लावायचा असेल तर मालकांना विचारा. टाइल पुसली जाते, पण सांध्यांमधला लाल रंग हट्टी असतो.

सुरुवात वसुबारसेला करा, म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत हात बसतो. शेजारच्यांनी कोणी काढली विचारलं तर दोघांपैकी ज्याने काढली त्याचं नाव सांगा.