पाळकाशी लग्न करताना: मंडळी आधी की घर आधी?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. होणारा नवरा सेमिनरीच्या, म्हणजे पाळकांना शिक्षण देणाऱ्या संस्थेच्या, शेवटच्या वर्षाला आहे, पुढे चर्चचा पाळक होणार. तुमची स्वतःची श्रद्धा त्याच्याइतकी पक्की नाही असं तुम्हाला वाटतं. आणि भीती अशी की लग्नानंतर देव पहिला, मंडळी (म्हणजे चर्चमधला विश्वासणाऱ्यांचा समुदाय) दुसरी आणि तुम्ही तिसऱ्या. पाळकाच्या बायकोचं आयुष्य खरंच कसं असतं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी २२ वर्षं पाळकीय सेवेत आहे आणि लग्नाला २० वर्षं झाली. खरं तर हे उत्तर माझ्या बायकोने द्यायला हवं. ती म्हणाली, "तू लिही, मी वाचते." तिने वाचून दोन ठिकाणी दुरुस्ती केली, त्यानंतरच हे इथे टाकतो आहे.

आधी तुमच्या भीतीबद्दल. ती खोटी नाही. आमच्या लग्नाची पहिली सहा-सात वर्षं आमच्या घरात नेमकं तेच घडलं. मला ते कळतही नव्हतं, कारण मी जे करत होतो ते सगळं चांगलंच होतं. कुणाच्या घरी मयत, कुणाचा मुलगा दवाखान्यात, कुणा नवराबायकोचं भांडण रात्री अकराला विकोपाला गेलेलं. फोन आला की मी निघायचो. दारू पिऊन उशिरा येणाऱ्या नवऱ्यावर बायको रागावू शकते. मरणाऱ्या माणसाच्या उशाशी प्रार्थना करून पहाटे तीनला घरी आलेल्या नवऱ्यावर कशी रागावणार? तिच्या रागाला जागाच उरत नाही. सेवेतल्या संसाराची ही खरी अडचण आहे, आणि ती कुणी आधी सांगत नाही.

आमच्या चर्चमध्ये एक प्रार्थनापेटी आहे. लोक आपापल्या विनंत्या चिठ्ठीवर लिहून त्यात टाकतात, नाव लिहीत नाहीत. शुक्रवारच्या प्रार्थनासभेत मी एकेक चिठ्ठी वाचतो आणि सगळे मिळून प्रार्थना करतात. एका शुक्रवारी चौथी की पाचवी चिठ्ठी उघडली. "घरात माझं ऐकणारं कुणी नाही. माझ्यासाठी प्रार्थना करा." मी मोठ्याने वाचली, आणि वाचता वाचताच अक्षर ओळखलं. माझी बायको 'ळ' एका विशिष्ट पद्धतीने काढते. ती तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसली होती. चाळीसेक माणसं "आमेन" म्हणाली. मीही म्हणालो.

दोन दिवस मी तो विषय काढला नाही. माझी हिंमतच होईना. रविवारी रात्री विचारलं, "मला सरळ का सांगितलं नाहीस?" ती शांतपणे म्हणाली, "घरी सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, उपासना झाली की बोलू. पेटीत टाकलेलं तू नक्की वाचतोस."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मंडळीला ख्रिस्ताची वधू म्हणतात हे मी अनेकदा शिकवलं होतं. पण आपण स्वतःच त्या वधूचे वर झालो आहोत, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. योहानाच्या शुभवर्तमानात, तिसऱ्या अध्यायाच्या २९व्या वचनात, बाप्तिस्मा करणारा योहान स्वतःबद्दल सांगतो की वधू ज्याची आहे तो वर, मी त्याचा मित्र. जवळ उभं राहून त्याचा आवाज ऐकतो आणि आनंदतो. पाळकाची जागा ती आहे. तो वराचा मित्र. मंडळीला तारणारा एक आहे आणि तो मी नाही. माझ्यावाचून तिचं अडेल असं मला वाटतं तेव्हा मी दुसऱ्याच्या वधूवर हक्क सांगत असतो आणि माझी स्वतःची वधू घरात एकटी बसलेली असते. म्हणून तुमच्या "देव, मंडळी, मग मी" या क्रमाबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की देव आणि मंडळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देव पहिला, हे बरोबर. पण त्याच्यामागे लगेच मंडळीचं काम बसवून दोन्हीला एकच नाव द्यायचं, ही पाळकांची फार जुनी चूक आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौल तिसऱ्या अध्यायात उलट्या बाजूने विचारतो: ज्याला स्वतःचं घर सांभाळता येत नाही, तो देवाची मंडळी कशी सांभाळणार? घर हा त्याने पात्रतेचा भाग धरला आहे.

याच पौलाचं उदाहरण देऊन तरुण पाळक स्वतःला झिजवतात तेव्हा मला वाईट वाटतं. पौल एकटा होता. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तो स्वतःच स्पष्ट करतो की लग्न झालेल्याला बायकोची काळजी असते, त्याचं मन दोन्हीकडे असतं. अविवाहित राहणं हे वेगळं पाचारण आहे आणि मी त्याचा मनापासून आदर करतो. पण लग्न करायचं आणि दिवस मात्र अविवाहिताचे जगायचे, याला शास्त्रात आधार नाही. येशूचा शिष्य पेत्र विवाहित होता, आणि त्याच पत्राच्या नवव्या अध्यायात दिसतं की तो प्रवासात बायकोला बरोबर घेऊन जात असे.

इंग्लंडहून आलेले मिशनरी विल्यम कॅरी हे नाव तुमच्या कानावर आलं असेल. मराठीचं व्याकरण त्यांनी १८०५ मध्ये छापलं आणि १८११ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरहून मराठी नवा करार निघाला. आपण आज आपल्या भाषेत वचन वाचतो त्याच्या मुळाशी त्यांचे कष्ट आहेत, आणि त्या ऋणाची मला जाणीव आहे. पण त्यांची पत्नी डोरोथी यांच्याबद्दल चर्चमध्ये फारसं बोललं जात नाही. १७९३ साली इंग्लंड सोडायला त्या आधी तयार नव्हत्या. बाळंतपण नुकतंच झालेलं. जहाजाला उशीर झाला, पुन्हा मनधरणी झाली, तेव्हा बहीण सोबत येणार असेल तर येते म्हणून त्या निघाल्या. पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा मुलगा पीटर बंगालमध्ये आजाराने गेला. डोरोथी यांचा मानसिक तोल ढळला तो कायमचाच. १८०७ मध्ये वारेपर्यंत शेवटची वर्षं त्यांना खोलीत बंद ठेवावं लागत असे आणि त्याच घरात भाषांतराचं काम चालू असे. त्या काळी अशा आजारावर उपचार नव्हते, आणि कॅरींनी त्यांना टाकलं नाही, हेही खरं. मी न्यायाधीश होत नाही. पण एका खोलीत देवाचं वचन आपल्या भाषेत येतंय आणि पलीकडच्या खोलीत एक बाई एकटी तुटतेय, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. सेवा मोठी असली म्हणून घरातल्या माणसाचं दुःख लहान होत नाही.

आता तुमच्या श्रद्धेबद्दल. "त्याच्याइतकी पक्की नाही" असं तुम्ही लिहिलंत. ताई, श्रद्धा मोजायची तर रविवारी व्यासपीठावर मोजू नका. आठवडाभर लोकांसाठी मोठमोठ्याने प्रार्थना करणारा माणूस घरी आल्यावर स्वतःसाठी एक वाक्य बोलू शकत नाही, असे महिने माझ्याही आयुष्यात येऊन गेले. दोन माणसांनी एकाच वेगाने विश्वासात वाढायला हवं असंही नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. दोघं काही वर्षं वेगळे राहिले. पुढे त्या नवऱ्याकडे आल्या ते आपला विचार बरोबर घेऊन, आणि बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, स्वतःला पटल्यावर. नवऱ्याच्या श्रद्धेची सावली होण्यापेक्षा स्वतःच्या पायांनी चालत येणं मला मोलाचं वाटतं, मग त्याला कितीही वर्षं लागोत. तुमच्या शंका त्याला सांगा. त्याने लगेच वचन काढून उत्तर दिलं तर त्याला थांबवा. आधी ऐकून घ्यायला सांगा.

एक गोष्ट आम्हाला फार उशिरा सापडली. आम्ही दोघं एकत्र प्रार्थनेला बसायचो आणि काहीतरी अडकायचं. शेवटी ती म्हणाली, "तू प्रार्थना करतोस तेव्हा हा चर्चमधला आवाज असतो. मला तुझा आवाज हवा आहे." आता आम्ही झोपण्याआधी एकेकच वाक्य बोलतो, नुसतं आज काय झालं ते, आणि मग दोघं मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतो. तीन मिनिटं लागतात. आमच्या संसाराला माझ्या कुठल्याही संदेशापेक्षा या तीन मिनिटांनी जास्त सावरलं आहे.

इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय तुमच्या लग्नात वाचला जाईल. "स्त्रियांनो, पतीच्या अधीन राहा" इथून सुरू करायची अनेकांना सवय आहे. तुम्ही २१व्या वचनापासून वाचायला सांगा, तिथे एकमेकांच्या अधीन राहण्याची आज्ञा आहे. सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत २२व्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही. ते २१व्याच वचनातून येतं. शिवाय बायकोला सांगितलेलं तीन वचनांत संपतं आणि नवऱ्याला सांगितलेलं जवळजवळ अध्यायाच्या शेवटपर्यंत चालतं. त्यात नवऱ्याकडे मागितलेली गोष्ट म्हणजे स्वतःला देऊन टाकणं. हुकूम चालवण्याबद्दल तिथे काहीही नाही.

आणि शपथ. "सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात" हे शब्द इंग्लंडच्या १५४९ च्या प्रार्थनापुस्तकातून कितीतरी मंडळ्यांत पोचले. ते पुस्तक सिद्ध करणारे आर्चबिशप क्रॅन्मर यांनी १५३२ मध्ये लग्न केलं होतं. पाळकांना तेव्हा लग्नाची मुभा नव्हती, म्हणून त्यांना बायको वर्षानुवर्षं लपवून ठेवावी लागली. कायद्याने मुभा मिळाली तीही १५४९ मध्येच. जोडप्याकडून ही शपथ म्हणवून घेताना मला दर वेळी ती लपवलेली बाई आठवते. आज तिला कुणी लपवत नाही. तिचं काम गृहीत धरतात. पाळकाची बायको म्हणजे रविवारची शाळा, महिलांची सभा, कॉयर, पाहुण्यांचा चहा, सगळं बिनपगारी आणि न विचारता. म्हणून लग्नाआधी त्याला स्पष्ट विचारा की मंडळीने तुमच्याकडून काही अपेक्षा केली तर "तिला विचारा" असं तो म्हणणार आहे की तुमच्या वतीने "हो" म्हणून मोकळा होणार आहे. मी सहा वर्षं तिच्या वतीने "हो" म्हणत आलो. (तिची पहिली दुरुस्ती: आठ वर्षं.) प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या नवराबायकोचं नाव नव्या करारात सहा वेळा येतं, दर वेळी दोघांचं एकत्र. अपुल्लोसासारख्या विद्वानाला त्या दोघांनी मिळून शिकवलं. तिला ते काम जमत होतं, म्हणून ती ते करत होती. तुम्हाला शिकवायला आवडत असेल तर जरूर शिकवा. नसेल आवडत तर बाकावर बसून उपासना करणं एवढंही पुरेसं आहे.

दुसरं म्हणजे, पाळकाच्या बायकोला पाळक नसतो. नवऱ्याशी भांडण झालं तर इतर बायका पाळकाकडे जातात. ती कुणाकडे जाणार? मंडळीतल्या मैत्रिणीला सांगावं तर दुसऱ्या दिवशी नवरा तिच्यासमोर उभा राहून संदेश देणार. तुमच्यासाठी दुसऱ्या मंडळीतली एखादी वडीलधारी, विश्वासू बाई आत्तापासून शोधून ठेवा. माझ्या बायकोला अशी एक मावशी मिळाली आणि त्या दोघींचं काय बोलणं होतं ते मी विचारत नाही. तुमच्या होणाऱ्या नवऱ्याकडेही अशी गुपितं असतील, लोकांनी विश्वासाने सांगितलेली. तो ती तुम्हाला सांगणार नाही आणि सांगूही नयेत. चेहरा उतरलेला दिसेल, कारण कळणार नाही. याचा त्रास होतो. पण "आज जड आहे, तुझ्याबद्दल काही नाही" एवढं तो म्हणू शकतो. एवढं मात्र त्याच्याकडून मागून घ्या.

त्या चिठ्ठीनंतर मी कमिटीपुढे उभा राहिलो आणि सोमवार बंद केला. त्या दिवशी फोन एका वडीलधाऱ्या सभासदाकडे असतो. मृत्यू किंवा अपघात असेल तरच तो मला कळवतो. सगळ्यांना हे रुचलं नाही. एक कुटुंब नाराज होऊन दुसऱ्या चर्चला गेलं. त्यांच्या अडचणीच्या काळात मी पुरा पडलो नाही असं त्यांना वाटलं, आणि त्यांचं दुःख मला आजही आहे. पण तो सोमवार मी परत उघडला नाही. बाकी मंडळीत उलट एक चांगली गोष्ट घडली. आजाऱ्यांना भेटायला चार-पाच जण आपणहून पुढे आले. मी सगळीकडे धावत होतो तोवर त्यांना जागाच नव्हती.

हो म्हणायचं की नाही, हे मी सांगू शकत नाही. (तिची दुसरी दुरुस्ती: "मी पुन्हा हो म्हणेन, पण पहिल्या वर्षापासूनचा सोमवार मागून घेईन.")

फक्त एक विचारतो. हा प्रश्न तुम्ही इथे, अनोळखी माणसांपुढे टाकला आहे, नाव न लिहिता. त्याला विचारला आहे का? नसेल, तर माझं उत्तर त्याला नंतर दाखवा. आधी तुमचा प्रश्न त्याच्या हातात द्या, तुमच्या अक्षरात.