मैत्रिणीसोबत रोलप्ले करू की सरळ कादंबरी लिहू?

प्रश्न: ताई, एक गोष्ट बरेच महिने डोक्यात घोळतेय. बंद पडलेलं दीपगृह, तिथे राहणाऱ्या दोन बहिणी, वडील बेपत्ता, आणि दोघींपैकी एक पहिल्यापासून खोटं बोलतेय. माझी ऑनलाइन मैत्रीण म्हणतेय यावर रोलप्ले करूया, मी थोरली, ती धाकटी, आळीपाळीने रिप्लाय लिहायचे. मजा येईल असं वाटतं पण गोष्ट तिथेच संपून जाईल अशी भीतीपण वाटते. आणि एकटीने कादंबरी लिहायची तर आधीच्या दोन अर्धवट पडल्यात. काय करू? – गोंधळलेली

उत्तर: आधी मला हे सांग, खोटं कोण बोलतंय हे तुला माहितीय का? म्हणजे अगदी पक्कं, का बोलतेय आणि कधी पकडली जाणार इथपर्यंत? माहिती असेल तर कादंबरी लिही, बाकी काही विचारूच नकोस.

कारण असं बघ, अशा गोष्टीची सगळी गंमत मागे जाऊन पेरण्यात असते. तेराव्या प्रकरणात तुला सुचतं की वडिलांच्या कोटाचं बटण धाकटीकडे सापडायला हवं, मग तू दुसऱ्या प्रकरणात जातेस आणि ती कोट झटकताना एक ओळ टाकतेस, जी वाचताना कुणाच्या लक्षातही येत नाही. रोलप्लेत हे जमत नाही, तिथे एकदा पाठवलेला रिप्लाय झाला म्हणजे झाला, समोरचीने त्यावर पुढचं सगळं रचलेलं असतं. शिवाय धाकटी तुझी नाहीच, ती मैत्रिणीची. तू तिच्या तोंडी वाक्य घातलंस की गॉडमोडिंग (दुसरीचं पात्र आपणच चालवणं) केलंस म्हणून भांडण, आणि ते बरोबरच आहे. मग गुपित तिला आधी सांगायचं का? सांगितलं तर ती नाटक करणार, नाही सांगितलं तर तिसऱ्याच रिप्लायला ती सहज लिहून टाकेल की 'बाबांना मी परवाच पाहिलं', आणि बसलीस तू!

पण उत्तर 'नाही माहिती' असं असेल, फक्त दीपगृह दिसतंय, त्या दोघी दिसतायत, एकमेकींना टोचून बोलताना ऐकू येतायत, तर रोलप्ले करच. पात्राला अनोळखी प्रश्न विचारला गेला की ते जे बोलून जातं ते एकटीला टेबलाशी बसून सुचत नाही. आणि रिप्लायची वाट बघणारं कुणीतरी असतं, दोन अर्धवट कादंबऱ्यावालीला हे औषध लागू पडू शकतं (अर्थात मैत्रीणच मध्ये गायब झाली तर तिसरी अर्धवट).

रोलप्लेतून कादंबरी होतच नाही असं नाही हं. 'द एक्सपान्स' ही साय-फाय कादंबऱ्यांची मालिका बघ, तिच्या दोन लेखकांपैकी टाय फ्रँकने ते जग आधी गेमसाठी रचलं होतं, त्यावर लोक ऑनलाइन लिहून खेळले, मग डॅनियल अब्राहमसोबत मिळून त्याची कादंबरी केली, पहिली आली 2011 मध्ये. एक खेळाडू खेळ सोडून गेला म्हणून त्याचं पात्र मारावं लागलं, आणि तो मृत्यू कादंबरीतही राहिला. पण ती कादंबरी त्यांनी नव्याने बसून लिहिली, चॅट कॉपी-पेस्ट नाही केला. रोलप्लेचा मजकूर तसा चालतच नाही, कारण प्रत्येक रिप्लायच्या शेवटी समोरच्यासाठी काहीतरी सोडावं लागतं, 'ती थांबली, त्याच्याकडे बघत राहिली' छाप, आणि अशी वीस थांबणी ओळीने वाचणाऱ्याला झोप येते. शिवाय तोच प्रसंग दोघी आपापल्या बाजूने सांगतात म्हणजे दार एकदा उघडतं पण वाचावं लागतं दोनदा.

तुझ्या पत्रावरून मला वाटतं तुला खोटारडी कोण ते माहितीय, फक्त लिहायचा कंटाळा आणि धास्ती आहे. तसं असेल तर हे दीपगृह तुझ्याकडेच ठेव आणि मैत्रिणीसोबत याच बहिणींच्या लहानपणीचा एखादा छोटा रोलप्ले कर, वडील अजून घरात आहेत तेव्हाचा. आवाज सापडतील, गुपित शाबूत राहील.

आणि सुरू करायच्या आधी, नंतर नाही, मैत्रिणीला स्पष्ट विचार की मी यातलं काही पुढे कादंबरीत वापरलं तर चालेल का. तिने लिहिलेली वाक्यं तिची आहेत, धाकटीचा स्वभावही बराचसा तिनेच घडवलेला असेल. ती नाही म्हणाली तर वाईट वाटून घेऊ नकोस, धाकटीचं नाव-गाव-स्वभाव सगळं बदल आणि तुझी थोरली घेऊन चालू लाग. हो म्हणाली तर तो मेसेज जपून ठेव.