समजलं नाही तरी उत्तर दे

प्रिय पोरी,

प्रभूच्या नावात सलाम.

रविवारी उपासना झाल्यावर भायखळा स्टेशनपर्यंत चालताना तू जे बोललीस ते डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहायला बसले. ऐरोलीच्या कंपनीची ऑफर आलीय, पगार आधीपेक्षा कमी, शुक्रवारपर्यंत कळवायचंय, आणि तू रोज रात्री बायबल कुठेही उघडून बोट ठेवतेस आणि देव हो म्हणतो की नाही ते बघतेस. मधल्या वेळात ते यूट्यूबचे व्हिडिओ, हे युद्ध म्हणजे अमुक भविष्यवाणी, तो नेता म्हणजे तमुक. झोप लागत नाही म्हणालीस. कशी लागेल?

सगळं देवाच्या हातात आहे हे मी तुला सांगायची गरज नाही, संडे स्कूलमध्ये वचनं सगळ्यात आधी तुझीच पाठ असायची. अडलंय दुसरीकडेच. तुला वाटतं तो काय करतोय ते आधी आपल्याला समजलं पाहिजे आणि समजेपर्यंत आपण जागचं हलायचं नाही. समजायलाच हवं असं कुठे लिहिलंय गं?

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याचं बघ. यरुशलेमला बाबेलच्या फौजेचा वेढा पडलाय, हा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, आणि त्याचा चुलतभाऊ येऊन म्हणतो, अनाथोथ गावचं माझं शेत विकत घे. शहर पडणार हे यिर्मयाच वर्षानुवर्षं ओरडून सांगत होता, आणि त्या वेळी त्याने १७ शेकेल चांदी तोलून दिली, साक्षीदारांसमोर खरेदीखत केलं, सही केली, मोहोर लावली आणि कागद मातीच्या मडक्यात ठेवायला लावले म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. तू म्हणशील त्याला देवाने सांगितलं होतं. हो, सांगितलं होतं. पण पुढे वाच ना. खत झाल्यावर तो प्रार्थनेला बसतो आणि देवालाच विचारतो की प्रभू, शहर तर शत्रूच्या हाती गेल्यातच जमा आहे आणि तू मला शेत घे म्हणतोस? म्हणजे प्रत्यक्ष देवाने सांगूनही त्याला उमगलेलं नव्हतं. आधी सही केली, मग विचारलं. हा क्रम मी तुला किती वेळा सांगू? आणि ते शेत त्याने पुढे कधी नांगरलं असं कुठेच नाही, त्याला तर लोक मिसरात, म्हणजे इजिप्तला, घेऊन गेले.

जगाच्या बातम्यांचंही तसंच आहे. २०१३ च्या डिसेंबरमध्ये काळा घोड्याच्या म्युझियममध्ये पारसाच्या, म्हणजे इराणच्या, कोरेश राजाचा तो मातीचा सिलिंडर आला होता, लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचा, दोनेक महिने होता. मी मुद्दाम रजा टाकून गेले. वस्तू केवढी, जेमतेम वीतभर, त्यावर बारीक खिळ्यांसारखी अक्षरं. इ.स.पू. ५३९ मध्ये कोरेशाने बाबेल घेतलं, त्याच्याच राज्यात बाबेलात बंदिवासात असलेले यहुदी लोक घरी परतले, आणि यशया संदेष्टा त्याला देवाचा अभिषिक्त, म्हणजे निवडलेला, म्हणतो. पण त्या मातीवर कोरेश आभार कोणाचे मानतो? बाबेलच्या मर्दुक देवाचे. यहुद्यांचं नावसुद्धा नाही त्यात! काचेसमोर मी बराच वेळ उभी होते, मागची माणसं पुढे सरका म्हणत होती. ज्याच्या हातून देवाने एवढं काम करून घेतलं त्या राजालाही पत्ता नव्हता. यशयाने तेही लिहून ठेवलंय, की तू मला ओळखत नसताना मी तुला नावाने हाक मारली. राजाला समजलं नाही तरी देवाचं राज्य चाललं, आणि तुला युद्धाचा नकाशा समजल्याशिवाय ते अडेल असं वाटतं तुला? बंद कर ते व्हिडिओ.

आता माझं. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला, अडीच लाख माणसं बाहेर आली, त्यात आमचे पप्पा. रोज पहाटे गुडघे टेकून प्रार्थना करायचे की गिरणी चालू होऊ दे. त्यांची गिरणी उघडलीच नाही. मी कॉलेज सोडून टायपिंगच्या नोकरीला लागले, धाकट्यांच्या फिया भरल्या, पुढे गल्फची संधी आली तीही घेतली नाही कारण मम्मीला एकटं कोण बघणार. लोक अजून म्हणतात हिने आयुष्य फुकट घालवलं. म्हणू देत. समोर आलेलं काम मी केलं आणि आजही तेच करेन, हे मी देवासमोर उभी राहून सांगेन. खंत एकच आहे, पप्पांना त्यांच्या प्रार्थनेचं काय झालं ते कधी कळलं नाही. मलाही कळलेलं नाही. त्यांना मातीत ठेवलं त्या दिवशी मंडळीतल्या एकाने खांद्यावर हात ठेवून म्हटलं, देवाची इच्छा. मला अजून राग येतो त्याचा. देव राजा आहे हे मी प्राण गेला तरी सोडणार नाही, पण म्हणून कोणाच्या उपासमारीचा अर्थ लावून देण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. पप्पांनी अर्थ लावला नाही. पहाटे प्रार्थना करायचे आणि उजाडलं की भाजीची टोपली घेऊन निघायचे, दोन्ही शेवटपर्यंत चाललं.

तू प्रार्थना सोडू नको, तुझं भलं होवो असं मीही रोज मागते. देवाला विचार, रड, भांड, यिर्मया भांडलाच की. पण बोट ठेवून खुणा काढायच्या नाहीत, अख्खा अध्याय वाचायचा, सुरुवातीपासून. आणि समजायला हवंच असं नाही, हे परत लिहिते कारण तू परत विसरशील.

घरी पैसे लागतायत, काम प्रामाणिक आहे, ठाण्याहून ऐरोली लांबही नाही. पगाराचं एकदा स्पष्ट बोलून घे, वाढवला तर वाढवला. शुक्रवारपर्यंत थांबू नको, आजच मेल कर, आणि केलास की मला कळव.

तुझी,
मावशी